हलकी हार चालेल

१ जानेवारी २०२५, बुधवार

नवी डायरी उघडली. पतपेढीने यंदा कव्हर तपकिरी दिलंय आणि कागद इतका पातळ, की शाई दुसऱ्या तारखेला उमटते. फुकटात मिळाली आहे, चालायचंच.

चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. कोऱ्या शीटच्या कोपऱ्यात आधी सगळी माहिती भरायची आणि मगच पहिली रेघ मारायची, ही सवय अजून जात नाही. तर मी बाळा परब, वय बासष्ट, राहणार भांडुप. बायको जानकी. मुलगा सिद्धेश पुण्याला. छंद एकच, नकाशा.

नकाशा म्हणजे युद्धाचा खेळ. खोक्यावर लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते आम्ही कधी घेतच नाही. टेबलभर पसरणारा कागद, त्यावर सहा कोनांची बारीक घरं, आठशे चाळीस सोंगट्या, चौसष्ट पानांचे नियम आणि चार राजे. पूर्ण युद्धाला तीन रविवार लागतात. व्हिक्टर मिस्किटाच्या भावाने शहाण्णव साली लंडनहून पाठवला. तेव्हापासून मरोळ गावठाणात व्हिक्टरच्या ओट्यावर दर रविवारी आम्ही चौघं बसायचो. व्हिक्टर, मुलुंडचा भीमराज, मी आणि नंदू.

नंदू दोन वर्षं येत नाही. त्याला हरणं पचत नाही. तेव्हाही असाच सपाटून हरला होता आणि मी गमतीत म्हणालो, "नंदू, पुढच्या वेळी तुझं दूधभातच ठेवू या." लहान पोरांच्या खेळात जे म्हणतात, तेच. एवढ्यावर हा उठला, सोंगट्या खोक्यात ओतल्या आणि गेला. पहिलीपासून एका बाकावर बसलेला माणूस. मागच्या वर्षी त्याच्या ऋतिकाच्या लग्नाची पत्रिका कुरिअरने आली. स्वतः आला नाही, म्हणून मीही लग्नाला गेलो नाही. रुसायचं त्याने आणि समजूत काढायची मी, हे जमणार नाही.

आज व्हिक्टरचा फोन होता. चौथा भिडू मिळाला म्हणे. भिडू म्हणजे त्याची भाची यव्होन. कुवेतला नर्स होती, आता कायमची परत आली आहे. तिला नकाशा शिकायचाय. शिकवणार कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

३ जानेवारी, शुक्रवार

नवशिक्याला कुठला सिनॅरिओ, म्हणजे पुस्तकातली कुठली लढाई, द्यायचा, हा वाटतो तितका सोपा प्रश्न नाही. दोन दिवस तोच विचार चाललाय. जानकी म्हणते, पोरीला जेवायला बोलावलंय की कोर्टात उभं करायचंय?

पुस्तकात एकोणीस सिनॅरिओ आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर तारे छापलेत. एक तारा म्हणजे सोपा, पाच म्हणजे वेड लागायची पाळी. पण ताऱ्यांवर विसंबू नये. पहिल्याला एकच तारा आहे, मात्र त्यात दोनच राजे आणि सगळी मारामारी एका टेकडीसाठी. नवा माणूस अर्ध्या तासात विचारेल, एवढंच? सहाव्याला दोन तारे, पण त्यात जहाजं येतात. जहाजांचे नियम मला समजायला अख्खा उन्हाळा लागला होता. नवव्यात बर्फ पडतो आणि बर्फ पडला की घोडेस्वार किती घरं चालतात, यावरून भीमराज आणि व्हिक्टर अजून भांडतात.

मी चौथा काढला, 'तीन पूल'. चार राजे, प्रत्येकाला बाराच सोंगट्या. जहाजं नाहीत, हवामान नाही, रसद मोजायची नाही. सात फेऱ्यांत संपतो, म्हणजे दुपारच्या चहापर्यंत. आणि मुख्य म्हणजे राजधानी गेली तरी उरलेल्या सोंगट्या घेऊन खेळता येतं. नवशिक्याला पहिल्याच दिवशी बाद करून बाजूला बसवलं, की तो परत ओट्यावर चढत नाही. शिकवण्याचा हा माझा अनुभव आहे. म्हणजे शिकवायला आजवर कुणी मिळालं नव्हतं, पण विचार भरपूर केलेला आहे.

आणखी एक नोंद करून ठेवतो, कारण यव्होनने विचारलं तर सांगता यायला हवं. २०१६च्या फेब्रुवारीत माझी अँजिओप्लास्टी झाली. त्याआधी मी नकाशावर रीतसर मार खायचो, खोटं कशाला बोलू. पण त्या पलंगावरून उठलो तो वेगळाच माणूस. नऊ वर्षांत एखादी बारीक चकमक हरलो असेन, मोहीम एकदाही नाही. राजधानी तर नाहीच नाही. मरण जवळून पाहिलं की डोक्यातला कचरा निघून जातो आणि डावपेच स्वच्छ दिसायला लागतात, असं माझं मत झालंय. हे मी व्हिक्टरला एकदा सांगितलं होतं. तो बराच वेळ खाली बघत होता.

५ जानेवारी, रविवार

मरोळला गेलो. यव्होनची इथल्या नव्या नोकरीत ड्यूटी होती, त्यामुळे आम्ही तिघंच. इनेझने, म्हणजे व्हिक्टरच्या बायकोने, त्यांच्या घरच्या बॉटल मसाल्याची कोंबडी आणि मैद्याच्या तळलेल्या गोल फुग्या केल्या होत्या. मी सात खाल्ल्या. दर रविवारी ती अशीच जड जेवायला घालते आणि जानकीही काही म्हणत नाही.

'तीन पूल' दोघांनाही पसंत पडला. वाद झाला तो यव्होनला बसवायचं कुठे यावरून. मी म्हणालो, मी नेहमीप्रमाणे उत्तरेचा पांढरा राजा घेतो आणि तिला माझ्या शेजारी, मधल्या पुलापलीकडे काळा देतो. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याजवळ बसावं.

"नको रे," व्हिक्टर एकदम म्हणाला. "तिला दक्षिण दे. तुझ्यापासून लांब."

"का?"

"तिला काय माहीत नाय यार. उगाच तुझ्या अंगावर यायची."

"येऊ दे की. मी सांभाळून घेईन."

भीमराज म्हणाला, "बाळा, नवीन माणूस आहे. वाट लागेल."

मी दोघांना समजावलं, की वाट लागणार नाही, मी तिला फार लागू देणार नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नवशिक्या पोरीची एवढी काळजी करणारे मित्र मिळाले हे माझं भाग्य, पण शिस्त म्हणजे शिस्त. शेजारीच बसवायचं ठरलं. निघताना व्हिक्टर म्हणाला, निदान पहिली फेरी तिने तुझ्याकडे यायचं नाही असा घरचा नियम करू या का? मी हसलो. नवशिक्यांचे असे लाड केले, तर ते शिकणार कधी?

८ जानेवारी, बुधवार

यव्होनचा फोन. नियमांचं पुस्तक तिने वाचून काढलं. चौसष्ट पानं, चार दिवसांत, रात्रपाळ्या सांभाळून. मी कौतुक केलं आणि सांगितलं, की वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं.

ती म्हणाली, "अंकल, मामाकडे तुमच्या स्कोअरच्या वह्या आहेत ना, त्या पण बघितल्या. एक विचारू? २०१६नंतर तुमच्या राजधानीवर कोणी जातच नाही. असा काही रूल आहे का? मला पुस्तकात मिळाला नाही."

पोरगी हुशार आहे, पण अजून कच्ची. मी म्हणालो, "रूल नाही गं. त्याला दरारा म्हणतात."

"ओके," ती म्हणाली. तिने ते बहुतेक लिहून घेतलं.

१२ जानेवारी, रविवार

जमेल तसं लिहितो.

अकरा वाजता बसलो. यव्होन समोर, केस वर बांधलेले, मांडीवर वही. पहिल्या फेरीत तिने काही केलंच नाही. सगळ्या सोंगट्या एक एक घर पुढे सरकवल्या. मी म्हणालो, घाबरू नकोस, चुकलीस तरी चालेल. दुसऱ्या फेरीत तिने तीन घोडेस्वार मधल्या पुलाच्या तोंडाशी आणले. मी माझं सैन्य पूर्वेच्या पुलाकडे नेलं होतं, भीमराजवर. मधला पूल मी कधी राखत नाही. कारण तिथून कधीच कुणी येत नाही.

"अंकल," ती म्हणाली, "इकडे तर तुमचं कोणीच नाही."

व्हिक्टरने टेबलाखालून तिला पाय मारला असावा, कारण ती "काय?" म्हणून त्याच्याकडे वळली. त्याने मान हलवली. तिला ते कळलं नाही. मलाही नाही. मला वाटलं, मामा भाचीला सांगतोय, सापळा आहे, जाऊ नको. सापळाबिपळा काही नव्हता.

तिसऱ्या फेरीत ती पूल ओलांडून आली आणि राजधानीला भिडली. माझा एकच पहारेकरी होता. तिने फासा टाकला, पाच पडले. माझी पांढरी सोंगटी तिने दोन बोटांत उचलून बाजूला ठेवली आणि राजधानीत आपला काळा घोडेस्वार सरळ करून बसवला. नऊ वर्षांत त्या घरावर दुसऱ्या कुणाची सोंगटी मी पाहिली नव्हती.

आणि मग भीमराज खुर्ची सारून उठला आणि ओरडला, "अगं ए, काय करतेस! त्याचं दूधभात आहे!"

"भीम्या!" व्हिक्टर म्हणाला.

"दूधभात?" यव्होनने विचारलं. "म्हणजे लहान पोरांचं असतं ना, आउट करायचं नाही, ते?" ती माझ्याकडे बघत होती. भीमराज खाली बसला आणि त्याने तोंडावर हात घेतला. स्वयंपाकघराच्या दारात इनेझ फुग्यांचं ताट घेऊन उभी होती, ती तशीच मागे फिरली.

मी विचारलं, "कधीपासून?"

व्हिक्टर म्हणाला, "बाळा, बस ना यार. पाणी पी आधी."

"कधीपासून?"

"तुझं ऑपरेशन झालं ना," तो म्हणाला, "तेव्हापासून."

मी चपला घातल्या. रिक्षाने घरी आलो. पवईपर्यंत काय दिसलं ते आठवत नाही. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, साहब, तबियत ठीक है ना? तो सुद्धा.

१३ जानेवारी, सोमवार

लिहवत नाही.

आयुष्यात मी एकाच गोष्टीत पहिला आलो होतो.

१४ जानेवारी, मंगळवार

आज जानकीने तिळगुळाची वाटी समोर ठेवली. मी वाटी हातात घेतली नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नव्हतो आणि तिने कारण विचारलं नव्हतं. म्हणजे तिला माहीत होतं.

"तूच सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

तिने हो म्हटलं. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि सगळं सांगितलं. ते जसं सांगितलं तसं उतरवतो.

मला आयसीयूतून बाहेर आणलं त्या दिवशी डॉक्टर घाईत होते. चेन्नईकडचा तरुण माणूस, नव्यानेच मराठी शिकत होता आणि हट्टाने मराठीतच बोलायचा. कॉरिडॉरमध्ये वॉर्डबॉयच्या ट्रॉल्यांचा खडखडाट. डॉक्टर म्हणाले, "यांना जड हार बिलकुल नको."

"मी विचारलं, बिलकुल नको?" जानकी म्हणाली. "तर म्हणाले, हलका चालेल, थोडा थोडा. पण जड एकदा जरी झाला, तर हार्टवर लोड येणार."

"हलका?"

"अहो, त्यांचं मराठी तसलंच होतं. 'गोळी घेतला काय' विचारायचे. मला वाटलं, हलकी म्हणायचंय त्यांना. तुम्ही नकाशात हरून आलात की दोन दोन दिवस जेवायचा नाहीत, ते मी बघितलं नव्हतं का? मला वाटलं, डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं असणार."

तिने त्याच संध्याकाळी तिघांना गाठलं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसवून शपथ घातली. बारीकसारीक हरले तरी चालतील, पण मोठं हरू देऊ नका. राजधानी म्हणजे काय ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. व्हिक्टरने समजावून सांगितल्यावर म्हणाली, मग ती तर नाहीच.

मी उठलो आणि कपाटावरून हॉस्पिटलची फाईल काढली. नऊ वर्षांत ती मी उघडली नव्हती. डिस्चार्जच्या कागदावर खाली, त्याच डॉक्टरच्या अक्षरात, इंग्रजीत तीन शब्द होते. ॲव्हॉइड हेवी मील्स.

जानकीला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून स्वतः बघितलं. "मील्स म्हणजे जेवण?"

"जेवण. आहार. जड आहार नको म्हणाले ते, जानकी. आहार."

तिने कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे इनेझकडची रविवारची कोंबडी?"

"हो."

"नऊ वर्षं?"

मला ओरडायचं होतं. दोन दिवस जमवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण तिचा चेहरा इतका पांढरा पडला होता, की मीच उठून तिला पाणी आणलं. एक 'आ' ऐकू आला नाही आणि तिने नऊ वर्षं माझ्या राजधानीवर पहारा दिला. रागवायचं तरी कुणावर?

१६ जानेवारी, गुरुवार

यव्होनचा फोन. उचलणार नव्हतो, पण उचलला. म्हणाली, "अंकल, सॉरी. मामाने मला काहीच सांगितलं नव्हतं, त्याला भीती की मी तुम्हाला सांगून टाकेन, नायतर मी..." मग थांबली आणि म्हणाली, "नाय, तरी पण मी तेच केलं असतं. खरं सांगते. दहा वर्षं कार्डिॲक वॉर्डला होते. अँजिओप्लास्टीवाले लोक डोंगर चढतात, सुनेशी भांडतात, इलेक्शनला उभे राहतात. गेम हरून एक पण पेशंट गेलेला मी बघितला नाय."

मी विचारलं, "मी मधला पूल राखायला हवा होता का?"

"ऑफ कोर्स," ती म्हणाली. "पहिल्या टर्नपासून."

नऊ वर्षांत मला नकाशावरची पहिली खरी गोष्ट हिने सांगितली.

दुपारी जुन्या डायऱ्या काढल्या. २०१७, २०१८, २०१९. पानापानावर माझं शहाणपण. 'आज भीमराजला खिंडीत पकडला.' 'व्हिक्टरला माझी चाल शेवटपर्यंत कळली नाही.' कळली कशी नसेल, त्यानेच वाट करून दिली असणार. वाचताना कान तापत होते. त्या फाडून टाकाव्यात असं वाटलं, पण पुन्हा कपाटात ठेवल्या.

१९ जानेवारी, रविवार

गेलो नाही. अठ्ठावीस वर्षांत आजारपण सोडून पहिल्यांदा.

तीन वाजता व्हिक्टरच भांडुपला आला. हातात काही नव्हतं. नाहीतर तो रिकाम्या हाताने कधी येत नाही. जानकीने चहा ठेवला आणि ती शेजारी निघून गेली.

"शिव्या घालायच्यात तर घाल," तो म्हणाला.

मी म्हणालो, "तुम्ही दर रविवारी हसत असाल माझ्यावर."

"हसत?" त्याने कप खाली ठेवला. "अरे येड्या, मुद्दाम हरणं काय खायचं काम आहे का? तुला कळता पण कामा नये! शनिवारी रात्री आम्ही फोनवर ठरवायचो, की उद्या काय चुकायचं. भीम्या तर चुकायला बसला की घामाघूम व्हायचा. सगळ्यात भारी हरायचा तो नंदू. त्याच्यासारखं हरायला कुणाला जमलं नाय."

मी ऐकत होतो, पण नंदूचं नाव येईपर्यंत मला हे सुचलंच नव्हतं. सात दिवस मी फक्त माझाच विचार करत होतो. दूधभात माझं होतं, हे कळलं होतं. नंदूही त्यात होता, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

"त्या दिवशी?" मी विचारलं. "तो उठून गेला तेव्हा?"

"त्या दिवशी त्याने तुझ्यासाठी पश्चिमेचा सगळा किनारा मोकळा सोडला होता. आदल्या दिवशी त्याच्या ऋतिकाचं जमलेलं लग्न मोडलं होतं, बाळा. पहिलं स्थळ. घरी रडारड. तरी आला. म्हणाला, मी नाय गेलो तर तिघांत बाळग्याला जिंकवायचं कसं? आणि तू त्याला सगळ्यांसमोर दूधभात म्हणालास."

मी विचारलं, "आणि मग?"

"आत किचनमध्ये जाऊन उभा राहिला. इनेझने पाणी दिलं. म्हणाला, माझ्याच्यान आता व्हायचं नाय. पण त्याला सांगू नका. मी रागावून गेलो असंच त्याला वाटू दे."

व्हिक्टर गेल्यावर मी गॅलरीत उभा राहिलो. मला लाज वाटत होती. हरल्याची नाही. ती गुरुवारीच ओसरली. पत्रिका कुरिअरने आली म्हणून मी लग्नाला गेलो नव्हतो. ज्याने माझ्यासाठी सहा-सात वर्षं मान खाली घातली, त्याच्या पोरीच्या डोक्यावर मी अक्षता टाकल्या नाहीत.

२२ जानेवारी, बुधवार

नंदूचा नंबर तीनदा काढला. काय बोलायचं? सॉरी म्हटलं तर तो म्हणेल, कशाबद्दल? तो सगळं नाकारणार, हे मला पहिलीपासून माहीत आहे. शाळेत माझ्यासाठी छड्या खाल्ल्या तेव्हाही आमच्या मालवणीत म्हणाला होता, माका लागूकच नाय.

जानकी म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. निमित्त आहे, तोवर जाऊन या."

३० जानेवारी, गुरुवार

पुन्हा सिनॅरिओ शोधत बसलोय. व्हिक्टरकडून खोका मागवून घेतला. या वेळी दोघांसाठी, आणि नवशिक्यासाठी. नवशिका मी.

बाराव्यात नंदू मला चिरडेल, पण मला कळणारही नाही कसं. चौथ्याला चौघं लागतात. शेवटी पहिलाच काढला. एक तारा, दोन राजे, एक टेकडी आणि तिच्यावर माझी राजधानी. यात लपायला जागा नाही. समोरचा मुद्दाम चुकला, तर मुंगीलाही दिसेल. महिन्याच्या सुरुवातीला मी याला हसलो होतो.

२ फेब्रुवारी, रविवार

चेंबूरला गेलो. नंदू मुलाकडे राहतो, तिसरा मजला. बेल दाबली आणि वाटलं, परत जावं. दार त्यानेच उघडलं. केस सगळे गेलेत. बनियनवर होता.

"कोण? बाळग्या? वाट चुकलंस काय रे?"

मी तिळगूळ पुढे केला. त्याने घेतला, तोंडात टाकला, आणि माझ्या काखेतल्या खोक्याकडे बघितलं. "उबो कित्याक रवलंस? बस."

मी बसलो. म्हणालो, "नंदू, माका सगळा समाजला. तू मुद्दाम हरत होतंस."

"खुळो काय तू? मी खरोखरच हरलंय."

"जानकीन सांगितला. व्हिक्टरान सांगितला."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी ऋतिकाबद्दल बोललो. जे बोललो ते इथे लिहीत नाही. पूर्ण बोलताही आलं नाही. त्याच्या सुनेने आतून डोकावून बघितलं. नंदू म्हणाला, "चाय टाक गो बाय." मग माझ्याकडे न बघता खोक्याचं झाकण काढलं.

पहिला सिनॅरिओ बघून हसला. "पोरांचो डाव ह्यो."

"माका ह्योच येता. खरा खेळ पण."

"खरा?"

"खरा."

"मगे रडशीत."

मला वाटलं होतं, तो सुरुवातीला तरी सांभाळून घेईल. छे! दुसऱ्या फेरीत त्याने माझी डावी बाजू कापली. तिसरीत टेकडीची वाट बंद केली. मी विचार करून एक सोंगटी हलवायचो आणि हा तिच्याकडे बघायचाही नाही, फासा उचलायचा. हा माणूस इतका निर्दय खेळतो हे मी विसरूनच गेलो होतो. समोर साठी उलटलेला बनियनमधला म्हातारा आणि मी घामाने चिंब. मला भयंकर राग आला. खोटा नाही, खराखुरा, पोटातून. त्याचा फासा घरंगळत सोफ्याखाली गेला आणि त्याने वाकून बघून "सहा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी उभाच राहिलो.

"ह्यो फासो मोजूचो नाय! टेबलावरच पडाक व्हयो!"

"नियम दाखव!"

"पान बावीस!"

"बावीसार काय नाय, बावीसार घोडे आसत!"

पान बावीसवर खरोखरच घोडे होते. मी तरी ओरडतच राहिलो. तोही ओरडत होता. सून चहाचे कप घेऊन दारातच थबकली. मी छातीवर हात आपटून म्हणालो, मी अठ्ठावीस वर्षं हे पुस्तक वाचतोय, मला सांगू नको. आणि नंदू एकदम गप्प झाला.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. तो माझ्या छातीवरच्या हाताकडे बघत होता. फासा त्याच्या मुठीत तसाच राहिला. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बाळग्या, छातीत काय होता काय रे?"

सात वर्षं हा माणूस टेबलापलीकडून माझ्याकडे असाच बघत बसला असणार. आणि मला वाटायचं, तो माझ्या चाली बघतोय.

मी हात खाली घेतला. म्हणालो, "काय नाय होणा. गप. फासो टाक."

तो तरी थांबला. मग त्याने फासा टाकला, टेबलाच्या अगदी मधोमध, दोघांना दिसेल असा. पाच पडले. माझी राजधानी गेली.